रबराच्या चार तुकड्यांचा इतिहास

कळंगुट, बागा, कोलवा. सुट्टीच्या दिवशी या किनाऱ्यांवर उभे राहिले की जेट स्कीचा आवाज कानी पडतोच. पर्यटकाला दिसतो तो तिचा वेग आणि उडणारे पाणी. इंजिन ज्या तीन-चार रबरी माउंटिंगवर बसलेले असते, ती मात्र कोणी पाहत नाही. आज त्यांचीच गोष्ट.

सुरुवातीच्या मोटारींत इंजिन थेट चौकटीला बोल्टने आवळलेले असे. त्याची थरथर चालवणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोहोचे, चार सिलिंडरच्या गाडीत तर फारच. 1931 साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणली. इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून एक तिरकी रेषा कल्पून तिच्या दोन टोकांना रबरी आधार दिले. इंजिन त्या रेषेभोवती हवे तसे डोलू लागले आणि गाडी शांत झाली. फ्रान्सच्या सित्रोएनने हेच तंत्र परवान्यावर घेतले आणि जाहिरातीसाठी तरंगता हंस हे चिन्ह निवडले. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लरच्याच गाड्या मुंबईत जोडू लागली.

आता पाण्यावर येऊ. क्लेटन जेकबसन हा अमेरिकन मोटरसायकल शर्यतींचा शौकीन. जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडणे बरे, हा त्याचा साधा विचार. त्याच्या कल्पनेवरून बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने 1968 साली 'सी-डू' काढली. ती फार काळ टिकली नाही. पुढे 1973 साली जपानच्या कावासाकीने उभ्याने चालवायची 'जेट स्की' बाजारात आणली. ते कंपनीचे नाव, पण आता सगळ्याच तशा वाहनांना आपण जेट स्की म्हणतो. बॉम्बार्डिए 1988 साली पुन्हा या धंद्यात उतरली.

या वाहनात माउंटिंगचे काम मोटारीपेक्षा कठीण. इंजिनातून निघणारा शाफ्ट सरळ मागच्या पंपापर्यंत जातो, आणि पंपातील पंख्याभोवती फट अगदी थोडी. रबर बसले, की इंजिन खाली झुकते आणि शाफ्टची रेषा चुकते. आधी थरथर वाढते, मग कपलिंगचे रबर झिजून त्याचा काळा भुगा तळाशी दिसतो. शेवटी शाफ्टचे सील गळून पाणी आत शिरते. किनाऱ्यापासून दूर, पाठीमागे पोहता न येणारा प्रवासी बसलेला असताना हे झाले तर? म्हणून हा विषय केवळ यंत्राचा नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून ते पहारीने हलके उचलून पाहावे. एका बाजूला जास्त हलले, रबराला भेगा दिसल्या किंवा रबर धातूच्या पट्टीपासून सुटले असेल, तर माउंटिंग गेले समजावे. पेट्रोल आणि तेल रबराला फुगवतात, खारे पाणी पट्टी गंजवते.

बदलताना आधी बॅटरी सोडवावी आणि इंजिनला वरून आधार द्यावा. सगळी माउंटिंग एकदमच बदलावीत. एकच नवे घातले तर ते उंच राहते. खालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या कुठून निघाल्या ते लिहून ठेवावे. मग पंपाच्या बाजूने सरळ दांडा घालून रेषा जुळवावी. तो अडखळला तर चकत्या कमी-जास्त कराव्या, आणि अलगद आत गेला की मगच बोल्ट कंपनीने दिलेल्या मापाने आवळावेत.

पावसाळ्यात गोव्यात जलक्रीडा बंद असतात. हे काम करायला तोच काळ बरा. शोधांच्या इतिहासात कंपन्यांची आणि संशोधकांची नावे राहतात. छपरीखाली वाकून दांडा सरकवणाऱ्या मेकॅनिकचे नाव कुठेच येत नाही. पण पुढच्या हंगामात जेट स्कीवर बसणाऱ्याचा जीव त्याच्याच हाती असतो.