सेलमचा खरा मोह

नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा १८३५ साली प्रसिद्ध झाली. फेथ, म्हणजे श्रद्धा, नावाच्या बायकोला घरी ठेवून ब्राउन रात्री जंगलात सैतानाच्या भेटीला जातो आणि गावातली सारी सज्जन माणसे तिथे जमलेली पाहतो. माणसाला पडणाऱ्या पापाच्या मोहाचे रूपक म्हणून ती सहसा वाचली जाते. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कथा मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये घडते, आणि त्या गावाला भोवलेला मोह पाप करण्याचा नव्हता, शेजाऱ्याचे पाप खरे मानण्याचा होता.

१६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून सेलममध्ये १९ जणांना फाशी दिली गेली. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने खटल्याला सामोरे जायला नकार दिला, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारले. आरोपींची संख्या दीडशेच्या वर गेली. खटल्यांचा मोठा आधार होता तो छायारूपाच्या साक्षीचा. आरोपीची आकृती आपल्याला छळताना दिसली, असे पीडित म्हणवणाऱ्या मुलींनी एकदा सांगितले की, आरोपी त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवूनही उपयोग नसे. कबुली देणारे वाचले आणि खोटी कबुली नाकारणारे फासावर गेले. जिवाचा मोह सोडून ज्यांनी श्रद्धा राखली, तेच सैतानाचे साथीदार ठरले. सैतान निष्पाप माणसाचेही रूप घेऊ शकतो, असे पाद्री इन्क्रीस मॅथर यांनी ऑक्टोबरमध्ये बजावले आणि त्याच महिन्यात गव्हर्नर फिप्स यांनी हे खटले चालवणारे न्यायालय बरखास्त केले. त्यातले न्यायाधीश सॅम्युअल सीवॉल यांनी १६९७ मध्ये चर्चमध्ये उभे राहून आपला दोष पत्करला. आरोपींची जबानी घेणारे दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न यांनी तसे कधी केले नाही. ते हॉथॉर्नचे खापरपणजोबा.

कथेतली गुडी क्लॉइस आणि मार्था कॅरिअर ही नावे त्याच खटल्यांतली आहेत. मार्था कॅरिअर फासावर गेली. सारा क्लॉइस वाचली, पण रिबेका नर्स आणि मेरी ईस्टी या तिच्या बहिणींना फाशी झाली. क्लॉइस आणि कॅरिअर या निरपराध बायका ब्राउनला सैतानाच्या गोटात दिसतात, म्हणजे तो १६९२ च्या न्यायाधीशांच्याच नजरेने पाहतो. यावर कुणी म्हणेल, फेथची गुलाबी फीत तर जंगलात त्याच्या हाती लागते, तो भास कसा? पण खटल्यांतही हाताला लागणाऱ्या वस्तू होत्याच. आरोपी ब्रिजेट बिशपच्या घराच्या भिंतीत टाचण्या खुपसलेल्या बाहुल्या सापडल्याची साक्ष झाली होती. वस्तू खरी असली तरी तिचा अर्थ संशयच लावतो. शिवाय सकाळी फेथ भेटते तेव्हा तिच्या फिती जागच्या जागी असतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सैतानाच्या दीक्षेच्या ऐन क्षणी ब्राउन तिथे दिसणाऱ्या फेथला त्याचा प्रतिकार करायला सांगतो, मग त्याने मोह जिंकला नाही का? त्याने दीक्षा टाळली, पण सारी मानवजात दुष्ट आहे हे सैतानाचे सांगणे मनात साठवून तो घरी परतला. त्यानंतर बायको, पाद्री, शेजारी, कुणावरही त्याचा विश्वास उरला नाही. सेलमच्या न्यायाधीशांनीही सैतानाशी लढत असल्याच्या खात्रीनेच फाशीचे हुकूम दिले. हॉथॉर्नने आपल्या घराण्याच्या अपराधाचे मूळ इथे दाखवले आहे. स्वतःच्या शुद्धतेबद्दल निःशंक असलेल्या माणसाला दुसऱ्यावर संशय घेणे हे धर्मकर्तव्य वाटू लागते, आणि त्याची श्रद्धा तिथेच संपते.