पॅरिसमधील भाड्याच्या ई-स्कूटर
फ्रान्सच्या राजधानीत २०१८ ते २०२३ या काळात चाललेली, मोबाइल अ‍ॅपवरून भाड्याने घ्यायच्या विजेवरील वाहनांची सेवा. दोन छोटी चाके, उभे राहायला अरुंद फळी आणि हातात दांडा, असे हे वाहन. नगरप्रशासनाने आधी या सेवेला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला आणि शेवटी ती बंद केली.

२०१८ च्या उन्हाळ्यात लाइम कंपनीने पहिल्या स्कूटर आणल्या. पाठोपाठ डझनभर कंपन्या उतरल्या. प्रवास संपला की स्कूटर हवी तिथे सोडून देता येई. फुटपाथवर आडव्या पडलेल्या या वाहनांमुळे सर्वाधिक हाल झाले ते अंध व्यक्तींचे, व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे आणि बाबागाडी घेऊन निघालेल्या पालकांचे.

स्कूटर कशी चालवावी हे ठरवणे देशाच्या सरकारकडे होते. ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनुसार वेग ताशी २५ किमीपर्यंत, एका वेळी एकच स्वार आणि किमान वय १२ (२०२३ मध्ये ते १४ झाले). शहरात सायकल मार्गिका असेल तर तिथूनच जायचे; फुटपाथवर चालवल्यास १३५ युरो दंड. सायकलींसाठी मोठ्या कष्टाने मिळवलेल्या मार्गिकांवर, उदाहरणार्थ २०२० मध्ये बहुतांश मोटारी हटवलेल्या रिव्होली रस्त्यावर, त्यामुळे एक नवा वाटेकरी आला.

शहराची खरी पकड होती ती जागेवर आणि परवान्यावर. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने ती पक्की केली. २०२० मध्ये निविदा काढून लाइम, डॉट आणि टिअर या तीनच कंपन्यांना प्रत्येकी ५,००० स्कूटरची परवानगी मिळाली. मोटारींच्या काही जागा काढून स्कूटरसाठी आखीव चौकोन केले गेले. चौकोनात गाडी उभी करून तिचा फोटो पाठवल्याशिवाय भाड्याचे मीटर थांबत नसे. जून २०२१ मध्ये सीन नदीकाठी, दोघे स्वार असलेल्या स्कूटरची धडक बसून पायी जाणाऱ्या एका इटालियन तरुणीचा मृत्यू झाला. त्यानंतर शेकडो गर्दीच्या भागांत वेग ताशी १० किमीवर आणला गेला. स्कूटर त्या हद्दीत शिरली की उपग्रहाच्या आधारे तिचा वेग आपोआप उतरे.

महापौर आन इदाल्गो यांनी २ एप्रिल २०२३ रोजी ही सेवा चालू ठेवावी का, या प्रश्नावर जनमत घेतले. सुमारे ८९ टक्के मते सेवा बंद करण्याच्या बाजूने पडली, मात्र मतदान झाले जेमतेम साडेसात टक्के. ऑनलाइन मतदान नसल्याने तरुण ग्राहक बाहेर राहिले, हा कंपन्यांचा आक्षेप रास्त होता. तरीही रोज फुटपाथ वापरणाऱ्यांचा राग खोटा नव्हता, आणि पाच वर्षांत त्यावर पुरेसा उपाय झाला नव्हता. करार न वाढवल्याने १ सप्टेंबर २०२३ पासून या स्कूटर रस्त्यावरून नाहीशा झाल्या. स्वतःच्या मालकीच्या स्कूटरवर बंदी आली नाही. परवाना रद्द करणे शहराच्या हाती होते, वाहन बेकायदा ठरवणे नव्हते. भाड्याच्या विद्युत सायकली मात्र आजही मिळतात.