शवासन, गिरणगाव आणि सिंधुदुर्ग : उच्च रक्तदाबातील ताणनियमनाच्या इतिहासातील एक प्रकरण

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने मानसिक ताण हाताळावयास शिकल्यास त्याच्या हृदयविकाराचा धोका कमी होतो काय, या प्रश्नाचा एक आरंभीचा शास्त्रीय शोध मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात घेतला गेला. ही बाब महाराष्ट्रातही फारशी स्मरणात राहिलेली नाही. डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी देशमुख, दळवी आणि विनेकर यांचा शवासनावरील निबंध १९६९ मध्ये ‘अँजिओलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या प्रयोगास दोन परंपरांची पार्श्वभूमी होती. शवासनाने थकवा दूर होऊन चित्तास विश्रांती मिळते, असे हठयोगाचे ग्रंथ सांगत आले होते. तर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले होते. दुसरी परंपरा औषधांची. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला होता. सर्पगंधा मन शांत करते आणि रक्तदाबही उतरवते, हे तिचे दुहेरी स्वरूप लक्षणीय होते. तथापि तिच्यापासून मिळवलेल्या रिसर्पिनने काही रुग्णांत खिन्नता येते, हेही पुढे दिसून आले. गोळीविना तीच शांतता साधता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ कुतूहलाचा राहिला नव्हता.

दाते यांनी ४७ रुग्णांना दररोज सुमारे अर्धा तास संथ, लयबद्ध श्वसनासह शवासन करावयास लावले. औषध न घेणारे, औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेले आणि औषध घेऊनही तो न उतरणारे असे तीन गट होते. पहिल्या गटात सरासरी रक्तदाब २७ मि.मी.ने उतरला, दुसऱ्या गटातील २२ पैकी १३ रुग्णांची औषधाची गरज सुमारे एक तृतीयांशावर आली. तिसऱ्या गटात मात्र १५ पैकी ६ जणांनाच असा लाभ झाला. डोकेदुखी, चिडचिड, निद्रानाश या तक्रारी बहुतेकांच्या कमी झाल्या. हे निष्कर्ष आकर्षक असले तरी तुलनेसाठी यदृच्छया निवडलेला गट येथे नव्हता आणि मोजला गेला तो रक्तदाब, हृदयविकाराचा झटका नव्हे. ही उणीव इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ च्या नियंत्रित चाचणीत अंशतः भरून काढली. १९८५ मध्ये त्यांनी १९२ व्यक्तींचा चार वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात विश्रांतीचे शिक्षण घेतलेल्यांत हृदयविकाराच्या घटना कमी आढळल्या. परंतु अशा घटनांची एकूण संख्याच अल्प असल्याने तो पुरावा निर्णायक मानता येत नाही. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये मनोसामाजिक ताणास हृदयविकाराच्या नऊ प्रमुख घटकांत स्थान दिले. तरी ताण घातक आहे आणि ताणनियमनाने झटका टळतो, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याच्या सिद्धतेवरून दुसरे गृहीत धरण्याची घाई अनेकदा केली जाते.

के. ई. एम. रुग्णालय गिरणगावात आहे, आणि गिरणगावाच्या मनुष्यबळाचा मोठा भाग तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे १ मे १९८१ रोजी वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गासह संपूर्ण दक्षिण कोकणातून येत असे. मालवणचा चाकरमानी गावकीच्या खोलीत राही. तेथे पाळीनुसार एकाने उठावे आणि दुसऱ्याने त्याच जागी पाठ टेकावी, अशी व्यवस्था होती. अशा माणसाने अर्धा तास निश्चल पडून राहावे कोठे? त्याला परवडणारे ताणशमन निराळे होते : विडी, तंबाखू, कधी दारू, आणि सुदैवाने भजनी मंडळही. यांपैकी तंबाखू व दारू क्षणभर सैलावतात, पण हृदयाचा धोका वाढवतात. ताण हाताळण्याची रीत ही व्यक्तीच्या निग्रहाइतकीच तिच्या जागेची व वेळेचीही बाब आहे, हे वैद्यकीय निबंधांत क्वचितच येते. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर अनेकांची नोकरी गेली, मनिऑर्डरी आटल्या आणि ताण गावच्या घरांपर्यंत पोहोचला.

२०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचा समावेश होता. निश्चित उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची मुख्य अंगे; ताणनियमन हे त्यांपैकी नव्हे. हा क्रम योग्यच म्हणावा लागेल, कारण नियमित औषधाने पक्षाघात व हृदयविकार टळतो याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे, आणि दाते यांच्या रुग्णांपैकीही बहुतेकांचे औषध सुटले नव्हते, कमी झाले होते. मालवणच्या किनाऱ्यावर आज पडवी आहे, जागेची अडचण गिरणगावासारखी नाही. मात्र मासेमाराचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात त्याला विश्रांती मिळते ती उत्पन्न थांबलेले असताना.