करार संपल्यावरचा कागद

आपल्याकडे पूर्वजांविषयी लिहायचे म्हटले की लेखणी जहाजाकडे वळते. मुंबई बंदर, रत्नागिरीकडून आलेली माणसे, काळे पाणी, पोर्ट लुईचा धक्का आणि मग ऊस. तो इतिहास मोठा आहे आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. आम्ही येथे पुढच्या प्रश्नाकडे वळतो. करार संपला आणि मळ्याबाहेर पडून भाजीची टोपली घ्यावी, कपडे शिवावेत, एखादे छोटे दुकान टाकावे असे एखाद्याच्या मनात आले, तर त्याला परवानगी कोण देत असे? हा प्रश्न मॉरिशसपुरता नाही आणि जुनाही झालेला नाही. म्हणून या लेखाची वाट बहारीनमधल्या सित्रा बेटावरून जाते.

सित्रा हे मनामा शहराच्या दक्षिणेला, पूर्व किनाऱ्यालगतचे बेट. एकेकाळी गोड्या पाण्याचे झरे आणि खजुरीच्या बागा यांसाठी ते ओळखले जाई. बहारीनमध्ये १९३२ साली तेल सापडले, चार वर्षांनी शुद्धीकरण कारखाना उभा राहिला आणि त्या तेलाच्या टाक्या व जहाजे भरण्याचा धक्का सित्र्यावर आला. नंतर औद्योगिक वसाहतही झाली. तेलासाठी लागणारे कारकून, फिटर, सुतार मुंबईत भरती होत. त्यांचे करार १९२२ च्या भारतीय स्थलांतर कायद्याखाली होत असत. मुदत, पगार आणि परतीचे भाडे कागदावर लिहिलेले असे. आपल्या पूर्वजांच्या करारापेक्षा हा कागद पुष्कळ सभ्य होता, हे मान्य केले पाहिजे. गिरमिटाची पद्धत बंद झाल्यानंतरचा तो काळ होता. तरी मुदत संपल्यावर तेथेच राहून आपला धंदा करण्याचा हक्क त्या कागदात नव्हता.

बहारीनला नगरपालिका काही आयती तेलातून मिळालेली नाही. मनामाची नगरपालिका १९१९ ची, आखातातली पहिली. तेव्हा मनामाच्या बाजारात हिंदी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या बसलेले होते आणि व्यवहार रुपयात चालत. बहारीनचा स्वतःचा दिनार आला १९६५ मध्ये. म्हणजे पेढी असलेल्या व्यापाऱ्याला बाजारात जागा होती. मजुराची गोष्ट वेगळी. मजूर हा कोणाच्या तरी नावावर येतो. तो नाव देणारा म्हणजे कफील, आणि त्या सगळ्या व्यवस्थेला कफाला म्हणतात. कफीलाने सोडले तर काम गेले, आणि कामाबरोबर देशात राहण्याचा आधारही गेला.

अशा व्यवस्थेत जे व्हायचे तेच झाले. ज्याला आखाती मजूर ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ म्हणतात, ती चीज कायद्यात कोठेच नाही. कफीलाला पैसे द्यायचे, त्याने नावापुरता मालक राहायचे आणि मजुराने बाहेर मिळेल ते काम करायचे. दुकानांचेही तसेच. व्यापारी नोंदणीचा कागद, ज्याला तेथे सिजिल म्हणतात, तो स्थानिक माणसाच्या नावावर. गल्ल्यावर बसणारा आणि पहाटे दूध-पाव उतरवून घेणारा परदेशी. आणि दरमहा नावाचे भाडे. सरकारने याला बंदी केली आहे. बंदी करावी लागली, यातच सगळे आले.

या गोष्टीला २०१७ च्या जुलैत एक फाटा फुटला. २००६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या श्रमबाजार नियामक प्राधिकरणाने ‘फ्लेक्सी परमिट’ नावाचा परवाना सुरू केला. ज्यांचा कामाचा परवाना संपला किंवा रद्द झाला आहे, अशा मजुरांनी आपणच आपले कफील व्हायचे. दोन वर्षांसाठी सुमारे ४४९ दिनार आणि शिवाय महिन्याला ३० दिनार भरायचे. मग एका मालकाकडे काम करा किंवा चार ठिकाणी अर्धा-अर्धा दिवस करा. हॉटेल, उपाहारगृह, केशकर्तनालय अशा ठिकाणच्या कामासाठी परवान्याचा वेगळा प्रकार होता आणि त्याला आरोग्य तपासणी लागे. हे अर्ज प्राधिकरणाच्या सित्र्यातल्या शाखेत घेतले जात. ज्या बेटावर कंपनीचे करारी कामगार तेल भरत आले, तेथेच करारातून सुटलेल्या माणसाला आपल्या नावाचा कागद मिळू लागला.

आता याच्या शेजारी आपला १८६७ चा कायदा ठेवून पाहा. मॉरिशसमध्ये करार पुरा केलेल्याला ‘ओल्ड इमिग्रंट’, म्हणजे जुना आप्रवासी, म्हणत. नाव ऐकायला आदराचे, पण त्या वर्षीच्या ३१ क्रमांकाच्या अध्यादेशाने त्याला छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगणे भाग पाडले. पासावर धंदा आणि पत्ता. पास एका जिल्ह्यापुरता. फेरीवाला असला आणि टोपली घेऊन शेजारच्या जिल्ह्यात गेला, तर तो भटक्या ठरू शकत होता. फेरीवाल्याचे पोटच मुळी हिंडण्यावर, आणि हिंडणे हाच गुन्हा! मळेवाल्यांना काय हवे होते हे यावरून कळते. मळ्याबाहेर पोट भरणे इतके कटकटीचे करायचे की माणूस कंटाळून पुन्हा करारावर अंगठा उठवील.

अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या मळेवाल्याने १८७१ मध्ये या लोकांच्या वतीने अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व अंगठे होते. त्यातून राजकीय चौकशी आयोग आला. त्याचे एक सदस्य विल्यम फ्रीअर मुंबई सरकारच्या नोकरीत काढलेले गृहस्थ होते. १८७५ मध्ये अहवाल आला आणि १८७८ मध्ये नवा कायदा. या अर्जावर बोट उमटवणाऱ्या कित्येकांना अक्षरओळख नव्हती, पण पासावर काय लिहिले आहे याची त्यांना पुरेपूर ओळख होती, असे आम्हाला वाटते.

नाताळमध्ये, आजच्या दक्षिण आफ्रिकेत, हाच अडसर नगरपालिकेच्या कचेरीत आला. १८९७ च्या १८ क्रमांकाच्या कायद्याने दुकानाचा परवाना देणे न देणे नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे सोपवले. हिशेबाच्या वह्या इंग्रजीत हव्या, जागा स्वच्छ हवी, या अटी ऐकायला रास्त. खरी मेख अपिलात होती. अपील करायचे ते नगरपालिकेकडेच, आणि त्या मंडळीत दुकानदारांचा भरणा. सोमनाथ महाराज नावाचा माणूस गिरमिटाची मुदत पुरी करून, काटकसरीने व्यापारी झालेला. १८९८ मध्ये त्याने डर्बनमध्ये दुकानाचा परवाना मागितला आणि तो नाकारला गेला. कारण सांगण्याचीही प्रथम टाळाटाळ झाली. शेवटी जे सांगितले ते असे, की त्या प्रकारचा धंदा करणारे शहरात पुरेसे आहेत. गांधीजींनी हे प्रकरण लंडनच्या वसाहत मंत्र्यांपुढे मांडलेल्या अर्जात सविस्तर दिले आहे. दुकानदारांच्या स्पर्धेची भीती परवान्याच्या भाषेत कशी बोलते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा आम्हाला माहीत नाही.

सित्र्याची गोष्ट आणि ही गोष्ट एक आहे असे आम्ही म्हणत नाही. फ्लेक्सी परवानाधारकाला जिल्ह्याची सीमा नव्हती, त्याला कोणी मळ्यावर परत हाकलत नव्हते, आणि ज्याच्याजवळ काहीच कागद उरलेला नव्हता त्याला पोलिसांना चुकवत राहण्यातून सुटका मिळाली. ही लहान गोष्ट नव्हे. पण मालकाने भरायची फी आता मजुरालाच भरावी लागली आणि महिना रिकामा गेला तरी ३० दिनार चुकत नव्हते. शिवाय हा परवाना कामाचा होता, दुकानाचा नव्हता. त्यावर सिजिल मिळत नसे. शिंपी दुसऱ्याच्या दुकानात शिवू शकत होता, स्वतःची पाटी लावू शकत नव्हता.

एवढ्यावरही स्थानिक व्यापारी नाराज झाले. हे लोक आमच्या छोट्या धंद्यांचे गिऱ्हाईक ओढतात, असे त्यांचे म्हणणे. ते वाचताना डर्बन आठवल्याशिवाय राहत नाही. पण बहारीनच्या छोट्या दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी. त्याला सिजिलाची फी, जागेचे भाडे, नगरपालिकेचा कर आणि पाटीचे पैसे, आणि शेजारी कोणी यातले काही न भरता तेच काम करतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लेक्सी परमिट बंद करून त्याऐवजी नोंदणी केंद्रांमार्फत मिळणारा व्यवसायनिहाय परवाना आणला गेला.

छोट्या धंद्यांना सरकारी मदत तेथे मिळते, आणि चांगली मिळते. ‘तमकीन’ ही संस्थाही २००६ चीच. ती बहारीनी माणसाला प्रशिक्षण देते आणि धंद्याला पैशाची मदत करते. ‘खत्वा’ कार्यक्रमाखाली घरी बसून शिवण, स्वयंपाक, हस्तकला करणाऱ्या कुटुंबांना परवाना मिळतो. दुकानाची जागा न घेता ‘सिजिली’ नावाची आभासी नोंदणीही करता येते. सित्र्यासारख्या कष्टकरी वस्तीत घरच्या स्वयंपाकावर चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बाईला याचा उपयोग होतो. या सोयी बहारीनींसाठी आहेत, आणि आपल्या नागरिकाला आधी हात देणे यात वावगे काही नाही. मात्र तमकीनच्या तिजोरीत पैसा कोठून येतो? मोठ्या वाट्याने परदेशी कामगारांवर बसवलेल्या फीमधून. त्या फीचा ८० टक्के भाग या निधीला जावा अशी रचना केली गेली. स्थानिकांच्या छोट्या दुकानाला मिळणाऱ्या आधारात त्या मजुराचाही हिस्सा आहे, मग त्याला स्वतःला दुकान टाकता येवो वा न येवो.

२००६ हे वर्ष आम्हाला आणखी एका कारणाने लक्षात राहते. त्याच वर्षी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांत छायाचित्रेही आहेत. माणूस पळाला तर सापडावा म्हणून काढलेले ते फोटो. आज आपल्यापैकी कित्येकांना पणजोबांचा चेहरा पाहायला मिळतो तो त्यामुळेच, आणि लोक त्याची प्रत करून देवघराशेजारी लावतात.

सित्र्यात अर्ज भरलेल्यांचेही फोटो काढले गेले असतील. ते संगणकात आहेत. त्यांच्यात कोकणातलेही कोणी असतील, केरळ, बंगाल, नेपाळकडचे तर असणारच. पण आपल्या पूर्वजांना १८७८ नंतर हळूहळू जमिनीचे तुकडे विकत घेता आले, भाजी पिकवता आली, मुलाबाळांसह राहता आले. आखातात करारी मजुराच्या पगारावर कुटुंब आणता येत नाही आणि मुदत संपली की परतायचे असते. फ्लेक्सी परमिटची मुदत दोन वर्षे होती.