फॉल्स क्रीकचा काठ

कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या पोटात फॉल्स क्रीक नावाची चिंचोळी खाडी शिरली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिच्या काठी लाकूड कापण्याच्या गिरण्या, रेल्वेची यार्डे, कोळशापासून गॅस काढण्याचा कारखाना असा पसारा वाढला. पुढे कारखाने गेले. डांबर आणि जड धातू मात्र मातीत मुरून राहिले.

१९८६ साली तेथे जागतिक प्रदर्शन भरले. दोन वर्षांनी उत्तर काठची सुमारे दोनशे एकर जमीन प्रांतिक सरकारने हाँगकाँगचे धनाढ्य ली का-शिंग यांच्या कंपनीला ३२ कोटी डॉलरांना, तीही हप्त्यांनी, विकली. या व्यवहाराची खरी मेख आपण नीट पाहिली पाहिजे. जमीन गेली, पण मातीतल्या विषाची जबाबदारी सरकारने आपल्याकडेच ठेवली. म्हणजे शुद्धीकरणाचा खर्च करदात्यांच्या माथी! गॅस कारखान्याच्या जागी दूषित माती झाकून तिच्यावर बाग केली. काठाने सर्वांना मोकळी पायवाट मिळाली, आणि ती सुरेख आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु घरांचे मनोरे भराभर उठले, आणि पूर्व टोकाला कबूल केलेले मोठे उद्यान, २०१८ साली त्या भागाचा नवा आराखडा मंजूर झाला तेव्हाही, कागदावरच होते.