मन्याड, मांजरा आणि सीमेचे दगड

कंधारची मन्याड मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. राष्ट्रकूटांच्या काळात याच गावी जगत्तुंग समुद्र हा तलाव बांधला गेला. पाणी अडवून जपण्याची रीत इथे हजार वर्षांची आहे.

निझामी अमदानीत कंधार आणि बोधन एकाच राज्यात होते. सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात १९२३ ते १९३१ दरम्यान मांजरेवर निझामसागर धरण झाले. त्याचे अभियंते होते नवाब अली नवाज जंग. कालव्यांवर ऊस पिकला, बोधनला साखर कारखाना निघाला. लाभ मात्र खालच्या निजामाबादेला झाला, वरचा मराठवाडा कोरडाच राहिला. राज्य एक असले म्हणजे वाटणी न्यायाची होतेच, असे नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. माणसांची दखनी बोली दोन्हीकडे तीच राहिली, पाणी मात्र परके झाले. १९६३ मध्ये पोचमपाड धरणाची पायाभरणी झाली आणि तंटा वाढला. १९६९ मध्ये न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी लवाद नेमला गेला. त्याच्यापुढे वाद चालू असतानाच ऑक्टोबर १९७५ मध्ये दोन्ही राज्यांनी आपसात करार केला: पैठण, सिद्धेश्वर आणि निझामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या टापूत महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट पाणी वापरावे. १९८० च्या निवाड्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तरीही धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा वाचला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडायचे, असे ठरले. म्हणजे पावसाळ्यात पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात उरलेल्यातूनही वाटा द्यावा लागतो. शेतकऱ्याला हे सलते. पण खालच्या शेतकऱ्यालाही तहान आहेच.

मुखेडजवळचा लेंडी प्रकल्प दोन्ही राज्यांच्या सहकार्याचा. तो दशकानुदशके रेंगाळला. ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीत त्याच परिसरातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरले आणि माणसे दगावली. करारात घनफुटांचा हिशेब असतो, उठवल्या जाणाऱ्या घरांचा क्वचितच. तो हिशेब मांडल्याशिवाय नदीकाठच्या शेजाऱ्यांचे सहकार्य पुरे झाले, असे आपण कसे म्हणावे?