तीनशे डॉलरची वही

जूनच्या पहिल्या आठवड्यात माहूरहून ताईचा फोन आला. भाची यंदा पहिलीत जाणार आणि तिला एल्साचं दप्तर पाहिजे. साधं अजिबात चालणार नाही. मागून दाजींचा आवाज येत होता, "पोरीचं झालं की तेच बारक्याला लागतंय ना? तो घेईल का हे बाहुलीवालं?" निवाडा माझ्याकडे आला. पुण्यात आयटीत असलेल्या भावाला सगळं कळतं, असा आमच्या घरी एक समज आहे.

मला काही कळत नव्हतं. पण दाजींचा प्रश्न डोक्यातून जाईना. दप्तरावर हे चित्र मुळात आलं कुठून, ते शोधत गेलो आणि पोचलो थेट न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात.

मिकी माऊस पडद्यावर गाजला तो नोव्हेंबर 1928 मध्ये, 'स्टीमबोट विली' या छोट्या चित्रपटातून. पुढच्या वर्षी वॉल्ट डिस्ने न्यूयॉर्कला आलेला असताना एक माणूस 300 डॉलर हातात घेऊन त्याच्या हॉटेलात घुटमळत होता. त्याला शाळकरी मुलांच्या लिहायच्या वह्यांवर मिकी छापायचा होता. डिस्नेला पैशांची निकड होती, त्याने हो म्हटलं. आपलं चित्र दुसऱ्याच्या मालावर छापू देण्याचा डिस्नेचा हा पहिला सौदा मानला जातो. पहिली वस्तू खेळणं नव्हती, घड्याळही नव्हतं. शाळेची वही होती.

मग 1932 मध्ये के कामेन नावाच्या जाहिरातवाल्याने हे काम हाती घेतलं आणि परवाने वाटण्याचा रीतसर धंदा उभा केला. वर्षभरात मिकीचं घड्याळ आलं, 1935 मध्ये जेवणाचा डबा. वस्तू दुसऱ्याने बनवायची, आपण फक्त चित्र वापरायचा हक्क विकायचा. मी रोज ऑफिसात जे सॉफ्टवेअर वापरतो तेही असंच 'विकलेलं' असतं, त्यामुळे हे मला लगेच समजलं.

पण दाजींच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते 1950 सालात. नॅशव्हिलच्या अलॅडिन कंपनीची अडचण अशी, की त्यांचा पत्र्याचा डबा फार टिकायचा. एकदा घेतला की वर्षानुवर्षं दुसरा घ्यायची गरजच नाही. त्यांनी त्यावर टीव्हीवरचा काऊबॉय, हॉपअलाँग कॅसिडी चिकटवला. पहिल्याच वर्षी सहा लाख डबे खपले. डबा मोडत नव्हता, पण काऊबॉय जुना होत होता. पोरगं पुढच्या वर्षी नव्या हिरोचा डबा मागायचं. तुमचा धडधाकट फोन 'आता अपडेट मिळणार नाही' म्हणून जुना होतो ना, अगदी तसंच.

आमच्या घरात वस्तू जुनी होत नसे, ती खाली सरकत असे. खाकी दप्तर ताईकडून माझ्याकडे आलं, माझ्याकडून चुलतभावाकडे गेलं. पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोरांकडून अर्ध्या किमतीत. याला कंजूषपणा म्हणू नका. आमच्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्याला आणि पेरणीही तेव्हाच. सरकी, सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, कृषी केंद्राची मागची उधारी, आणि त्यातच दप्तर. कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. त्या महिन्यात दप्तराला तीन पोरांचं आयुष्य असणं हाच हिशोब होता.

आपल्याकडे शाळेच्या सामानावर चित्रं आधीपासून होतीच. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तो 'हॉर्स ब्रँड' म्हणून. पुढे उंट आला, कॅमल. पण त्या उंटासाठी कुणी पोर रडल्याचं मी ऐकलेलं नाही. उंटाला गोष्ट नव्हती.

गोष्टवाली वस्तू माझ्या पिढीत आली. 'शकालाका बूम बूम' 2000 मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली, नंतर स्टार प्लसवर गेली. त्यातल्या संजूने पेन्सिलीने काढलेली वस्तू खरी व्हायची. तसल्या मुंडकीवाल्या पेन्सिली बाजारात आल्या. वर्गात एकाकडे आली आणि आख्खी मधली सुट्टी त्याच्या बाकाभोवती जमायला लागली. मी बाबांकडे मागितली. बाबा म्हणाले, "मुंडक्यानं अक्षर चांगलं येतंय का?" मी कणकेचं मुंडकं करून नटराज पेन्सिलीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी दप्तरात मुंग्या.

पुढे 2008 मध्ये पोगोवर 'छोटा भीम' आला. तो बनला हैदराबादेत. 1948 पर्यंत माहूर ज्या संस्थानात होतं, त्याच्या राजधानीतून आता असा हुकूम आला. चुलतभावाने माझं खाकी दप्तर नाकारलं ते याच भीमासाठी. काकांनी नवरात्रात गडाखालच्या दुकानातून आणलेला भीम जरा सुजलेला होता, परवान्याचा नक्कीच नव्हता. तरी भाऊ खूश होता. पाचवीत गेल्यावर त्याला त्याच दप्तराची लाज वाटायला लागली. शिवण शाबूत होती.

म्हणून माझं मत असं झालंय, की चित्र संपणाऱ्या वस्तूवर घ्यावं : पेन्सिल, वही, नावाचं स्टिकर. ती वस्तू झिजेपर्यंत चित्रही टिकतं. दप्तर आणि डबा मात्र साधा, म्हणजे तो खाली सरकू शकतो. बाबांचं चुकलं असं अजून वाटतं. पेन्सिल महिन्याभरात संपलीच असती, आणि मधल्या सुट्टीत माझ्याही बाकाभोवती कुणी आलं असतं. अक्षराशी तिचा संबंध नव्हताच.

एल्सा 2013 च्या 'फ्रोजन'मधली, म्हणजे त्याच 300 डॉलरवाल्या घरची. मी व्हिडिओ कॉल करून भाचीला तोडगा सांगितला. दप्तर निळं, साधं. आत एल्साचा पाऊच. दाजी मान डोलावत होते.

भाची थोडा वेळ गप्प बसली.

"मामा, पाऊच दप्तराच्या आत असतो."

"हो मग?"

"मग कुणाला दिसंल?"

मला उत्तर सुचलं नाही. दाजी हसत उठले आणि बियाण्याच्या पिशव्या उतरवायला बाहेर गेले. एल्साचं दप्तर मीच मागवलं. बारक्याचं पुढच्या वर्षी बघू, असं ताई म्हणाली.